सीलबंद रेकॉर्ड

लहानपणी दादा लावायचा ते रॉक गाणं दातांच्या डॉक्टरीणबाईंना अर्धंमुर्धंच आठवत होतं. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात त्यांनी ते गुणगुणून दाखवलं, तर दुकानदाराने नेमकी तीच रेकॉर्ड काढून दिली. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

घरी नवऱ्याला शेजारी बसवून त्यांनी ती लावली. ड्रम दणाणले तशा त्या हरखून गेल्या. मग गिटार मध्येच थांबली आणि एका बाईचा करडा आवाज आला, "बबडे, आवाज कमी कर!"

"हे कोण ओरडलं?" नवरा दचकला.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बबडी त्यांना फक्त आई म्हणायची, आणि आई तर त्यांच्या लग्नाआधीच गेली होती. त्यांनी आवाज कमी केला.

"आता कसं," रेकॉर्डमधून आई म्हणाली. "आणि तुझ्या शेजारी हा कोण बसलाय?"