बास्कचा बल्लव

"कुणाचा विश्वास बसायचा नाही," स्टुटगार्टला लेकाकडे जमलेल्या पाहुण्यांना चंद्रशेखरराव रंगवून सांगत होते, "पण स्पेनच्या बास्क प्रांतात पुरुषांची खास स्वयंपाकाची मंडळं असतात. तिथे मी असा मासा रांधला, की तिथले म्हातारे बोटं चाटत रडले!"

विभावरीबाई वाढता वाढता थांबल्या. ह्यांनी जन्मात कधी चहा केला नव्हता, आणि त्या अख्ख्या सहलीत मात्र घासागणिक "तुझ्या हाताला ही चव नाही" ऐकवलं होतं.

"काकू, खरंच?" शेजारच्या ऋचाने विचारलं.

"अगदी खरं! माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. रविवारी सगळे जेवायला या, तोच मासा हे एकटे रांधणार."



"अगं, धडधडीत खोटं काय बोलतेस!" पाहुण्यांची पाठ वळताच चंद्रशेखरराव बायकोवर ओरडले.