यंदाचा फराळ

‘तुझी तब्येत हीच माझी खरी संपत्ती, आई.’

हर्षदचा मेसेज वाचून प्रमिलाबाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. ज्या पोराने जन्मात ‘हं’च्या पुढे अक्षर लिहिलं नाही, त्याला एवढा उमाळा कुठून फुटला? आणि उत्तर तरी किती झटपट, पापणी लवायच्या आत! परवाच भाची म्हणाली होती, “मावशी, हल्ली फोनच आपल्या नावाने उत्तरं देतो.” तेव्हापासून त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती.

टेबलावर शेजारणीने दिलेला चकल्यांचा डबा होता. वैशाखात प्रमिलाबाईंचे यजमान गेले. वर्ष सरेपर्यंत घरात फराळाची कढई चढवायची नसते, म्हणून शेजारून हा डबा आला होता. त्यांनी मुद्दामच लिहिलं, ‘सगळा फराळ घरी केलाय. पाठवू का?’

लगेच उत्तर आलं. ‘वा, आई! तुझ्या हातच्या फराळाशिवाय दिवाळी कसली? चकल्या जास्त पाठव!’

त्यांनी फोन पालथा ठेवला. संशय खरा ठरला होता. चकल्यांचा डबा त्यांनी न उघडताच बाजूला सारला.

तासाभराने फोन वाजला. हर्षदचाच आवाज, पार घाबरलेला. “आई, तुझा मेसेज मी आत्ता वाचला. तू फराळ केलास? अगं, बाबा गेलेत... आठवतंय ना तुला?”

कित्येक महिन्यांनी तो आवाज कानावर पडत होता. प्रमिलाबाईंनी पदराने डोळे टिपले.

“मला आठवतंय रे,” त्या म्हणाल्या. “तुला आठवतंय का, तेवढंच बघत होते.”