तळटिपेतलं बहुमत

न्यायमूर्ती पुन्हा त्याच तळटिपेवर थांबले आणि समोर बसलेली मुलगी खुर्चीत सावरून बसली. इतका वेळ ती फाडफाड उत्तरं देत होती. ही तोंडी परीक्षा पार पडली की डॉक्टरेट पदरात पडणार होती. शेजारी बसलेल्या तिच्या मार्गदर्शक बाई तर सुटलो एकदाचे म्हणून चहा सांगायच्या बेतात होत्या.

निवृत्त न्यायमूर्ती बाहेरचे परीक्षक म्हणून आले होते. प्रबंध हातात पडल्यापासून त्यांचा जीव त्या तळटिपेत अडकला होता. कारखान्याच्या गाडीतून घरी जाताना अपघातात पाय गमावलेल्या एका बाईचा भरपाईचा खटला होता तो. 'कामासाठी जी रस्त्यावर होती, ती कामावरच होती,' असं न्यायालयाने ठरवलं, असं मुलीने लिहिलं होतं. खाली खटल्याचं नाव, वर्ष, खंड, पान, सगळं कसं जागच्या जागी. फक्त न्यायालयाने तसं ठरवलंच नव्हतं. तिघांपैकी दोन न्यायाधीशांनी त्या बाईला रिकाम्या हाताने घरी पाठवलं होतं. ते वाक्य तिसऱ्याचं, आणि तो तिसरा म्हणजे हेच न्यायमूर्ती. अशा वेळी संदर्भाच्या शेवटी कंसात त्या न्यायाधीशाचं नाव आणि 'अल्पमत' असा शब्द घालायचा असतो. नेमका तोच राहून गेला होता.

घरी बायकोला दाखवलं, तर ती हसत सुटली. अहो, हरलेला खटला घरबसल्या जिंकलात की, म्हणाली. गप्प बसा, कुणाला कळतंय? आणि तिचं तरी काय चुकलं? या प्रबंधावरून दुसरा कुणी लिहील, त्याच्यावरून तिसरा. मूळ निकाल उघडून बघायचे कष्ट घेतो कोण? एक ना एक दिवस त्यांचं वाक्य कायदा म्हणून चालूही लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मोह झाला होता, अगदी मनापासून झाला होता.

"हे वाक्य कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"न्यायालयाचं, सर."

"मूळ निकाल वाचलात?"

मुलीने एकदा बाईंकडे पाहिलं. हो म्हणून टाकणं सोपं होतं. नाही, ती म्हणाली, एका पुस्तकात उतारा होता, तिथून घेतला. बाईंनी कपाळाला हात लावला.

न्यायमूर्तींनी वाचनालयातून मागवून ठेवलेला जाडजूड खंड तिच्यापुढे सरकवला. ती वाचत गेली. दोघांचा निकाल संपून तिसऱ्याचं वेगळं मत सुरू झालं, त्याच्या डोक्यावरचं नाव तिने वाचलं आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. प्रबंधातलं हे सगळं प्रकरण याच वाक्यावर उभं आहे, सर, ती कशीबशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले, आणि न्यायमूर्तींनाही कसंतरीच झालं.

मग त्यांनी तिला निकालाच्या दिवसाची गोष्ट सांगितली. ती बाई शेवटच्या बाकावर कुबड्या घेऊन बसली होती. निकाल वाचताना त्यांचं मत सगळ्यात शेवटी आलं. ते ऐकून तिला वाटलं, आपण जिंकलो. त्यांच्याकडे बघून ती तोंडभर हसली. मग कारकुनाला तिच्याजवळ जाऊन समजावून सांगावं लागलं.

"तुमच्या प्रबंधावर विसंबून आणखी कुणी तसं हसायला नको," ते म्हणाले.

मुलीने मान हलवली. आता हे प्रकरण काढूनच टाकते, म्हणाली.

"काढताय कशाला? मुदत देतो. कंसात 'अल्पमत' घाला. आणि वर 'न्यायालयाने ठरवलं' लिहिलंय ना, तिथे लिहा, 'न्यायालय चुकलं'. का चुकलं, ते पुढच्या पानांत दाखवून द्या."

"असं लिहिता येतं, सर?"

"तुम्हाला येतं," न्यायमूर्ती म्हणाले. "मला तेव्हा त्या दोघांबद्दल, 'सहमत होता येत नाही, क्षमस्व,' एवढंच लिहिता आलं."