उंबराखालच्या खुंट्या

सातवी खुंटी जमिनीत गेली, तेव्हा तिपापे ओले कुइया या मासाई गुराख्यानं पाय बदलला. भाल्यावर रेलून एका पायावर हा म्हातारा इतका वेळ उभा राही, की गेल्या दुष्काळात एका करकोच्यानं त्याला भाऊबंद समजून त्याच्या डोक्यावर काड्या आणून ठेवल्या होत्या. मासाई माराच्या माळावरचे लोक हे शपथेवर सांगतात. आज मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

नैरोबीहून आलेली मुकामी नावाची तरुणी नदीकाठच्या रानउंबराखाली लाकडी खुंट्या ठोकत होती. सरळ ओळीत, सारख्या अंतरावर. नदीपलीकडे आधी अशाच खुंट्या आल्या, मागून कुंपणाची तार आली, आणि आता तिकडच्या गवताकडे तिपापेची गुरं नुसती बघत उभी राहतात. अलीकडचंही गेलं, तर पुढच्या उन्हाळ्यात त्यांना चघळायला तिपापेची लाल शालच काय ती उरणार होती.

"कशाला या, पोरी?"

"चटयांसाठी, बाबा. पुढच्या महिन्यात इथल्या पर्यटकांच्या कॅम्पवर माझी माणसं येणारेत. दमलेली, झोप उडालेली. इथं डोळे मिटून बसतील. तीन दिवस कुणी कुणाशी बोलणार नाही. नुसता श्वास घेतील."

"का? नैरोबीत श्वास मिळत नाही?"

"मिळतो. घ्यायला सवड नाही." एका माणसाला एक खुंटी धरून ती बोट फिरवू लागली. "अठरा माणसं आहेत. एक, दोन, तीन…"

"मोजू नको!"

जित्या जिवांवर बोट ठेवून मोजू नये, मग ती गुरं असोत की माणसं. मोजली की कमी होतात, हे मासाईंच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथं माणसं मोजायला आजवर दोघेच आले होते. एक सरकार, दुसरा जमीन घेणारा. सरकार इतकं गोड बोलत नाही.

"बरं, नाही मोजत," मुकामी हसली. "पण तुमचं हे एका पायावर उभं राहणं शिकायला आमच्याकडं लोक पैसे देतात. माझ्या माणसांना शिकवाल?"

"लाडीगोडी पुरे. चटई उडू नये म्हणून माणूस दगड ठेवतो. खुंटी कशाला?"

"मी दगडच म्हणाले होते. मॅनेजर ओमोन्दी म्हणाला, खुंट्याच ठोका, अगदी नदीपर्यंत. ओळ छान दिसते. त्यानंच दिल्या."

तिपापेनं तिच्याकडं निरखून पाहिलं. झोपलेला सिंह खरा झोपलाय की सोंग घेतोय, हे तो त्याच्या पापणीवरून ओळखे.

"बस खाली. मीट डोळे. मला बघू दे."

मुकामी मांडी घालून बसली आणि तिनं डोळे मिटले. तिपापेनं हळूच शीळ घातली. उतारावरची गुरं घंटा वाजवत आली आणि तिच्या चहूबाजूंनी उभी राहिली. नामेलोक नावाची गाय भारी आगाऊ. तिनं मुकामीचा कान हुंगला, मग तो खालपासून वरपर्यंत खरखरीत जिभेनं चाटला.

मुकामीच्या अंगावर काटा आला. पापणी हलली नाही.

तिपापे बराच वेळ बघत राहिला. मग, मासाई आपल्या माणसाला आशीर्वाद देतात तसा, तळहातावर थुंकून तो हात त्यानं पुढं केला. मुकामीनं डोळे उघडले, हात पाहिला, क्षणभर थबकली आणि घट्ट धरला. नंतर पुसलाही नाही.

"खुंट्या उपट," तो म्हणाला. "दगड मी देतो. पण मोजून नाही."

दोघं खुंट्या उपटत नदीकडं निघाली. लाकडी खुंट्या भुसभुशीत मातीतून मुळ्यासारख्या निघत होत्या. काठाशी उंच गवतात एक मात्र हलेना. मुकामीनं ओढून पाहिली, तिपापेनं भाल्याच्या टोकानं बुडखा उकरला. आत सिमेंट लागलं. खुंटी लोखंडी होती, तिचं डोकं लाल रंगवलेलं; कुंपणाआधी जमीन मोजणारे रोवतात तशी.

"ही माझी नाही, बाबा."

"दिसतंय."

मुकामीनं गवत बाजूला सारलं. पलीकडं आणखी एक लाल डोकं. त्याच्या पलीकडं आणखी.

"मॅडम!" कॅम्पच्या ओसरीवरून ओमोन्दी दोन्ही हात हलवत ओरडला. "चहा निवतोय! अहो, राहू द्या त्या खुंट्या, माझी माणसं बघतील!"

मुकामीनं तिपापेकडं पाहिलं. म्हातारा गवतात दोन्ही पाय रोवून उभा होता.

"लोखंडात काही जीव नसतो," तो म्हणाला, आणि बोट उचललं.

"एक."