बत्त्याची हाक

"चारी बाजूंनी मोकळं आहे, मावशी! कुणाच्या भिंतीला भिंत नाही," अजितकुमारनं पुन्हा सांगितलं. सांगलीच्या नव्या वसाहतीतला आपला बंगला दाखवताना त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. "इंजिनियरच म्हणाले, शहरातल्या माणसाला हवा, उजेड आणि एकांत पाहिजे."

पलूसची जुनी शेजारीण रंगूबाई कौतुकानं मान डोलवत होती. तिचे मालक नाथाजी पेठेत हळद विकून आले होते आणि फाटकाशी गाडी जुंपून थांबले होते.

अजितची बायको गुणमाला मागून सावकाश चालत होती. दिवस भरत आलेले. माहेरी आई उरली नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच व्हायचं होतं. मावशी आल्यापासून ती नुसती बोलत सुटली होती. महिन्याभराचं बोलणं तुंबलं होतं बिचारीचं!

स्वयंपाकघरात रंगूबाईनं खलातला बत्ता उचलला आणि भिंतीवर दोनदा ठोकला.

"मावशी, हळू! नवा गिलावा आहे," अजितकुमार दचकला.

गुणमाला हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. पलूसला दोघींच्या घरांत एकच भिंत. इकडं बत्ता वाजला, की रंगूबाई पिठाच्या हातानं दारात हजर. ताप असो, विंचू असो, नाहीतर उगाच जीव घाबरलेला असो. काय ते दिवस होते!

"ह्या भितीपल्याड कोन हाय?" रंगूबाईनं विचारलं.

"बाग."

"आन् त्या?"

"मोकळी जागा. तसा नियमच आहे."

"घर लय झ्याक हाय रं, अजित. पर तू दिसभर पेढीवर. हिला कळा सुटल्या, तर हिनं कुनासाठी ठोकायचं?"

अजितकुमारनं खिडकी उघडून बाहेरच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं.

बाहेरून नाथाजींनी हाळी दिली, "आवर की गं! दिस बुडंल."

"आवं, तुमी व्हा म्होरं!" रंगूबाई खिडकीतून ओरडली. "म्हशीचं सूनबाई बघंल. मी हितं ऱ्हाती हिचं बाळंतपन हुईस्तवर!"

बत्ता गुणमालाच्या हातात देऊन ती पलीकडच्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. भिंतीतून मूठ वाजली. दोनदा.

गुणमालानं पदरानं डोळे पुसले आणि बत्ता ठोकला. गिलाव्याचा टवका उडाला. ती घाबरून नवऱ्याकडं बघू लागली.

"जोरात ठोक," अजितकुमार म्हणाला. "ऐकू जाऊ दे."