मोजल्याशिवाय नाही

"आज बाटल्या भरायच्या नाहीत म्हणजे नाहीत!" ऊर्मिलाने काचेचा हायड्रोमीटर बिअरच्या उभ्या नळकांड्यात सोडला. "साखरेची दारू झाली की बिअर हलकी होते आणि हा खाली बुडतो. बघा, अजून वरच तरंगतोय. उरलेल्या साखरेने बाटल्या फुटतील, गिऱ्हाइकांचे डोळे जातील!"

"मी चाखली. तयार आहे," सरनाईक म्हणाले. कारखाना त्यांचा होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हयात गेली तिची बिअर बनवण्यात, आणि हे जिभेने घनता सांगणार! "जिभेवर काय आकडे छापलेत? हा आकडा वाचा!" आकड्यांची बाजू त्यांच्याकडे यावी म्हणून तिने हायड्रोमीटर गर्रकन फिरवला.

काचेला चिकटलेले बारीक बुडबुडे भराभर सुटले. त्यांनीच तो वर उचलून धरला होता. हायड्रोमीटर सावकाश खाली गेला आणि तयार बिअरच्या खुणेवर थांबला. आधी फिरवून बुडबुडे झटकायचे, हे तीच सगळ्यांना शिकवायची.

"मग? मी काय म्हणत होतो?" सरनाईक हसले.

"तुम्ही अंदाजपंचे बोलत होतात," ती कडाडली. "तयार आहे हे मी आत्ता मोजलंय. भरा बाटल्या!"