पुढची बट

बाळाच्या आतड्याचं ऑपरेशन सहाव्या दिवशी झालं. आता दोन्ही कान बहिरे निघाले. डॉक्टरीणबाईंनी त्याची पांढरी बट बोटावर घेतली. “ही तीनही लक्षणं एकाच आनुवंशिक आजाराची. घरात कुणाला अशी बट?” “आमच्यात नाही. हिच्या माहेरचं असणार,” माझा मुलगा म्हणाला. माझ्या डावीकडे बसलेल्या सुनेनं मांडीवरच्या बाळाचं दुपटं सारखं केलं. महिनाभर ती हेच ऐकत होती, माझ्याही तोंडून. चाळीस वर्षं मी दार लावून पुढच्या केसांना कलप लावला. जप चुकला असेल, पण तो नेम नाही. मी केस बाजूला करून पांढरी मुळं दाखवली. “आई, वय झालं की पिकतातच,” मुलगा हसला. “जन्मल्याबरोबर पिकतात का रे?” मी म्हटलं. “माझा डावा कानही लहानपणापासून बहिरा आहे. लिहून घ्या.” सून उठली आणि बाळाला घेऊन माझ्या उजवीकडे येऊन बसली.